११. कंडक्टरची फ्रेंच

लखनची सासू फ्रान्सहून तांड्यावर यायची होती, त्या सकाळी शंकरसिंग बकऱ्यांना फ्रेंचमधून हाकत होता.

"आव्हांसे!" तो ओरडला. म्हणजे, पुढे सरका.

बकऱ्या पुढे सरकल्या. एक करडू दाराशी घुटमळलं. शंकरसिंगने त्याच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा, जरा समजुतीने, "आव्हांसे" म्हटलं. करडूही निघालं.

"बकऱ्या शिकल्या," ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली कौसल्या म्हणाली. "आता तू कधी शिकशीन?"

"मले येते."

"किती येते?"

"लागन तेवढी."

कौसल्या त्याची मोठी बहीण. त्याची बायको सुखीबाई गेल्यावर ती या घरात राहायला आली आणि तिने घर हातात घेतलं. घराबरोबर भाऊही घेतला. शंकरसिंगने काय खावं, कधी झोपावं, कोणाशी बोलावं, हे ती ठरवी. फ्रेंच तेवढी तिच्या हाताबाहेर राहिली होती, म्हणून कौसल्याचा त्या भाषेवर राग होता.

शंकरसिंगने उभं आयुष्य एस. टी.त कंडक्टर म्हणून काढलं होतं. घरची गोरबोली, शाळेतली मराठी, पिक्चरमधली हिंदी, आणि आदिलाबादच्या गाडीवर ड्यूटी लागली तेव्हा शिकलेली तेलुगू. भाषा ही काही फार मोठी गोष्ट आहे असं त्याला वाटत नसे. लेक जयाने त्याला नागपूरहून फ्रेंच शिकायचं पुस्तक आणून दिलं, तर पहिल्याच धड्यात 'मी विद्यार्थी आहे, हे पेन आहे' असं होतं. त्याने पुस्तक मिटलं. "मी विद्यार्थी नाही," तो म्हणाला, "अन् पेन आहे थे त्यांले दिसतेच." त्याच्या मते कोणतीही भाषा 'कुठं जायचं?' इथून सुरू होते. तेलुगू तो तशीच शिकला होता. म्हणून दर रविवारी लखनचा फोन आला की तो लेकाला एकेक वाक्य विचारून घेई. कुठं जायचं? किती माणसं? पुढे सरका. बसा. जागा आहे. उतरा. सहा-सात महिन्यांत एका गाडीला पुरेल एवढी फ्रेंच त्याच्यापाशी जमली.

हे सगळं नातीसाठी होतं. लूसी पाच वर्षांची झाली होती आणि तिला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. सुखीबाई होती तेव्हा फोन तिच्या कानाला असायचा. तिकडून पोर काही बोलायची नाही, इकडून ही काही बोलायची नाही.

"काय म्हणते?" शंकरसिंग विचारायचा.

"श्वास घेऊन राह्यली."

"त्यात तुले काय समजते?"

"श्वास समजते ना. तुम्ही चूप बसा."

मग सुखीबाई गेली आणि फोन शंकरसिंगच्या हातात आला. श्वासावर भागवणं त्याला जमेना. पोर तिकडे श्वास घेई, तो इकडे "हॅलो, हॅलो" करी, आणि मग लखन फोन परत घेई. आता ती पोर प्रत्यक्ष येत होती, आठवडाभर राहणार होती. तेवढ्यात तिने आपल्याशी एक शब्द बोलावा, एवढंच त्याला हवं होतं. कोणताही एक शब्द. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण बकऱ्यांसह सगळ्यांना माहीत होतं.

* * *

जया उमरखेडहून पहिल्या गाडीने आली. ती तिथल्या हायस्कुलात शिकवत असे. तांड्यात आपसात गोरबोली चाले, पण मास्तरीण झाल्यापासून जया भांडण मराठीतून करी, आणि मग सगळ्यांना मराठीतूनच उत्तर द्यावं लागे. तिने पिशवी खाली ठेवली नाही तोच मराठी सुरू केली.

"आत्या, आधीच सांगते. रडायचं नाही."

कौसल्याने तांदळातून मान वर केली नाही. "कोण रडते?"

"तू. आणि तू सांगून ठेवलेल्या त्या बाया. मी रस्त्यानं येतानाच पाहिलं. सगळ्या नवीन ओढण्या घेऊन तयार बसल्या आहेत."

"मग? जुन्या ओढण्यांत रडावं?"

तांड्यातली रीत सगळ्या वाचकांना ठाऊक असेल असं नाही. नात्यातली बाई फार दिवसांनी भेटली, किंवा कोणाचं माणूस गेल्यावर पहिल्यांदा भेटली, की बाया तिच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडत नाहीत, सुरात रडतात. गेलेल्याचं नाव घेतात, काय काय राहून गेलं ते गाऊन सांगतात. लांबून ऐकणाऱ्याला गाणं वाटतं आणि जवळून बघणाऱ्याला छाती फुटेल असं वाटतं. ते झालं की डोळे पुसून चहा होतो. ते झाल्याशिवाय भेट झाली असं कोणी मानत नाही.

"त्यांच्याकडे असं नसतं, आत्या. ती बाई घाबरेल."

"त्यांच्याकडे माणूस मेला तर रडत नाहीत?"

"रडतात. हळू."

"हळू कसं?"

"काळा चष्मा लावून," जया म्हणाली. तिने ते टीव्हीवर पाहिलं होतं.

कौसल्याने सूप खाली ठेवलं. "ऐक पोरी. त्या बाईचा नवरा होळीच्या आसपास गेला. आपला सगा होता थो. आपल्यातलं कोणी गेलं तिथं? नाही गेलं. आपली सुखी गेली तवा थ्यांच्यातलं कोणी आलं? लखन एकटा आला, दहाव्याले पोचला. दोन्हीकडचं रडणं बाकी आहे. आता थे बाई दारात येऊन राह्यली अन् मी दात काढून पाणी देऊ तिले?"

जया बापाकडे वळली. "बापू, तुम्ही सांगा हिला. तुम्ही थांबवणार ना?"

"थांबवतो," शंकरसिंग म्हणाला.

जया हातपाय धुवायला आत गेली. कौसल्या भावाकडे बघत राहिली.

"तू थांबवशीन?"

"कायले थांबवतो बाई, तू रड," शंकरसिंग हळूच म्हणाला, आणि बकऱ्यांकडे वळला.

तेवढ्यात धाकटा भाऊ नेमसिंग आला. तो तांड्याचा नायक. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत शाल, हातात नारळ. तो जयाच्या बाजूचा होता. त्याला रडणं नको होतं, कारण त्याला भाषण करायचं होतं.

"पाहुणी आली की आधी शाल, मंग नारळ, मंग माझे दोन शब्द," तो म्हणाला. "दादा, तू भाषांतर करजो."

"किती शब्द?"

"दोनच रे. आपल्या समाजाचा इतिहास, बैलांवरून मिठाचा व्यापार, थोडं कापसाचं, अन् शेवटी स्वागत."

शंकरसिंगने मान डोलावली. त्याला मिठाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात माहीत नव्हतं. पण लखन बरोबर असणार होता, लखनची बायको एलीझ असणार होती, तिला तर हिंदीही येत होती. मागच्या रविवारी लखनने विचारलं होतं, "बापू, फ्रेंच किती झालं?" आणि शंकरसिंगने "झालं सगळं" म्हणून सांगितलं होतं. लखन आणि एलीझ बरोबर आहेत हे आठवून त्याला जरा बरं वाटत होतं.

मग जयाचा मोबाइल वाजला.

ती ऐकत होती तसा तिचा चेहरा बदलत गेला. "हो. हो दादा. बरं." तिने फोन बापापुढे धरला. "वहिनीला गाडी लागली. महागावला डॉक्टरकडे सलाईन लावलंय. दादा तिथंच थांबतोय. तिच्या आईला आणि लूसीला ड्रायव्हरबरोबर पुढे पाठवलंय."

शंकरसिंगने फोन कानाला लावला.

"बापू, टेन्शन नाही ना?" लखन म्हणत होता. "मी तिच्या आईले सांगितलं का माझ्या बापाले चांगली फ्रेंच येते. म्हणून तर ते तयार झाले. तुम्ही सांभाळान ना?"

सगळे शंकरसिंगकडे बघत होते. कौसल्या, जया, नेमसिंग, नारळ.

"त्यात काय," शंकरसिंग म्हणाला.

* * *

कापसाच्या त्या वाईट वर्षांत तांड्यावर गोरी माणसं यायची सवय झाली होती. कॅमेरे घेऊन यायची, विचारायची, जायची. एलीझ अशाच काही फिल्मवाल्यांबरोबर आली होती आणि लखन त्यांची जीप चालवत होता, आणि पुढे दोघांनी लग्न करून फ्रान्स गाठलं. बाकीच्या तांड्याला या पाहुण्यांपासून काही मिळालं नाही. रामधनला मात्र एक कला मिळाली. रामधन म्हणजे शेजारचा म्हातारा. त्याचा चेहरा मुळातच असा, की पहिल्याच कॅमेरेवाल्याने त्याला कपाशीत उभा केला. तेव्हापासून गोरा माणूस दिसला की रामधन न सांगता कपाशीच्या काठाला जाऊन उभा राही, हातात एक सुकलं बोंड धरी, आणि तोंड पाडी. एरवी तो तांड्यातला सगळ्यात हसरा माणूस होता.

जीप आली. रामधन लगेच जागेवर गेला.

आधी लूसी उतरली. लखनचे डोळे, सुखीबाईचं कपाळ, आणि तोंड घट्ट मिटलेलं. तिच्या मागून लखनची सासू, ओदील. उंच, पांढरे आखूड केस, निळा शर्ट. काळा चष्मा लावलेला. जयाने आत्याकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं.

शंकरसिंग पुढे झाला. त्याने रात्री एक छान वाक्य पाठ केलं होतं, लखनने सांगितलेलं, स्वागताचं. ते त्याला आठवेना. समोर गाडीतून उतरलेली बाई, हातात बॅग, मागे गर्दी. तोंड उघडलं आणि बत्तीस वर्षांची सवय बाहेर आली.

"ऊ आले-वू?" तो खणखणीत आवाजात म्हणाला. कुठं जायचं?

ओदीलबाईंनी चष्मा काढला. त्याच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, जमलेल्या साऱ्या तांड्याकडे पाहिलं.

"इसी," त्या म्हणाल्या. इथं.

"कोंब्यां?" किती?

त्यांनी नातीचा हात धरून उचलला. "दू."

दोन. तांड्यात कुजबुज झाली. म्हाताऱ्याला खरंच येतं. तो बोलला, ती बोलली, तो पुन्हा बोलला, ती पुन्हा बोलली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. शंकरसिंगला घाम फुटला होता, पण छाती पुढे आली होती.

"आव्हांसे!" तो म्हणाला, आणि हाताने घराची वाट दाखवली.

ओदीलबाई पुढे निघाल्या. आणि गोठ्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या सगळ्या बकऱ्याही पुढे निघाल्या. अंगणाच्या मध्यावर पाहुणी आणि बकऱ्या एकमेकांना भेटल्या. लूसीने बकऱ्यांकडे पाहिलं. मग आजोबाकडे. मग पुन्हा बकऱ्यांकडे. तोंड मिटलेलंच होतं, पण ती काहीतरी हिशेब लावत होती.

शाल झाली. नारळ झाला. नेमसिंगने घसा साफ केला आणि बोलायला लागला. तो बैलांच्या तांड्यांपासून निघाला, मिठाच्या गोण्या घेऊन दक्षिणेत उतरला, इंग्रजांनी काय केलं ते सांगितलं, तिथून कापसावर आला, कापसावर बराच वेळ थांबला, बोंडअळीवर संतापला, सरकारवर जास्त संतापला, आणि शेवटी दोन्ही हात पसरून म्हणाला, "तर अशा या आमच्या तांड्यावर, दोन्ही घरांचं नातं सात समुद्रांवरून जोडणाऱ्या आमच्या समधनबाईंचं मी मनापासून स्वागत करतो." मग त्याने भावाकडे पाहिलं.

शंकरसिंगने खुर्चीकडे बोट केलं. "आसेये-वू."

ओदीलबाई बसल्या.

"झालं?" नेमसिंग म्हणाला.

"झालं."

"एवढ्या भाषणाचं एवढंच?"

"त्यांच्या भाषेत थोडक्यात होते."

"मिठाचं सांगितलं?"

"त्यातच आलं."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. नेमसिंगचे कान लाल झाले. तो तडक घराच्या दाराशी गेला, जिथे कौसल्या बायांना घेऊन थांबली होती आणि जया दोन्ही हात पसरून दारात उभी होती.

"सोड तिले, जया," नेमसिंग म्हणाला.

"काका! तुम्ही तर माझ्याकडून होता!"

"होतो. माझं भाषण तुया बापानं खाऊन टाकलं. हिच्या रडण्याले भाषांतर लागत नाही. जाय बाई, रड तू."

"बापू!" जया तिथूनच ओरडली. "थांबवा ना त्यांना!"

शंकरसिंगने जयाकडे पाहिलं. सकाळी दिलेले दोन्ही शब्द त्याच्यापुढे उभे होते. त्याने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला घेतला. पट्टा नीटच होता.

* * *

कौसल्या आली ती सरळ. ओदीलबाई हात मिळवायला उठल्या आणि कौसल्याने त्यांना गळ्याशी धरलं, डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं, आणि सूर लावला.

"अगं माझे समधन, तुझा धनी गेला गं, मले चालून येता नाही आलं गं..."

मागच्या बायांनी सूर उचलला. एक डाव्या बाजूने बिलगली, दोन पाठीमागून. ओढण्यांवरचे आरसे उन्हात लकलकत होते. ओदीलबाईंचे हात दोन्ही बाजूंना तसेच राहिले, टेलिफोनच्या खांबासारखे. त्यांनी कौसल्याच्या डोक्यावरून शंकरसिंगकडे पाहिलं. रंग उडाला होता. त्यांनी काहीतरी विचारलं, भराभर. त्यातला शेवटचा शब्द शंकरसिंगला कळला.

"...मोर?"

हा शब्द त्याने लखनला विचारलेला नव्हता. लखनचा सासरा गेला त्या रविवारी तो आपोआप फोनवरून आला होता. बाई विचारत होती, कोण मेलं? त्यांना वाटलं असणार, आत्ताच कोणीतरी गेलं. महागावहून काही निरोप आला. लेकीचं काही झालं.

"बापू, सांगा त्यांना!" जया रडवेली झाली होती. "त्या काय समजतील! सांगा ना काहीतरी!"

शंकरसिंगने आपल्या साऱ्या फ्रेंचमध्ये शोधलं. त्यात दुःख नव्हतं. रीत नव्हती. बायको नव्हती, नवरा नव्हता. एक गाडी होती, माणसं चढत होती, पैसे देत होती, सरकत होती, बसत होती. त्याने घाईघाईने त्या गाडीत इकडून तिकडे पाहिलं.

मग तो चपला काढून पुढे गेला आणि बायांच्या घोळक्याबाहेर उभा राहिला.

"आंद्रे," तो म्हणाला. हे तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

ओदीलबाईंची नजर त्याच्यावर थांबली.

"सुखी," तो म्हणाला, आणि आपल्या छातीवर हात ठेवला. मग दोन बोटं वर केली. "दू." दोन माणसं. अजून एक शब्द हवा होता, आणि तो त्याच्याजवळ होता. रोज शेवटच्या थांब्यावर म्हणायचा शब्द. उतरा.

"देसांदे," तो म्हणाला, आणि हाताने गाडीची पायरी दाखवली, आणि मागे राहणारा रस्ता.

आंद्रे. सुखी. दोन. उतरले.

ओदीलबाईंनी त्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांचे ते खांबासारखे हात हलले. एक कौसल्याच्या पाठीवर आला, मग दुसरा. आधी त्या जयाने सांगितल्याप्रमाणे हळू रडल्या. कौसल्याने त्यांना थोपटलं आणि आंद्रेचं नाव सुरात घेतलं, जरा चुकीचं, "आंदरे भाऊ" असं, आणि तेव्हा ओदीलबाईंच्या घशातून असा आवाज निघाला की बायांचा सूर क्षणभर थांबला. मग त्यांनी तो पुन्हा उचलला आणि या आवाजाला आपल्या मधोमध घेतलं.

जया दारातच उभी होती. आई गेली तेव्हा तिने सगळं पार पाडलं होतं, पाहुणे, जेवणं, सर्टिफिकेट. कौसल्याने न बघता एक हात बाहेर काढला आणि तिला मनगटाला धरून आत ओढलं. जयाने "आत्या, नको" एवढं मराठीत म्हटलं. पुढचं ती गोरबोलीत रडली. "याडी," एवढाच शब्द पुन्हा पुन्हा. आई.

नेमसिंग शाल घडी करत कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला.

शंकरसिंगचं काम झालं होतं. पुरुषांनी तिथं थांबायचं नसतं. तो वळला, तेव्हा त्याला लूसी दिसेना.

* * *

ती गोठ्यापाशी होती. आजीला एवढ्या बायांनी धरून रडवलेलं पाहून ती पळाली होती आणि कडबा ठेवतात त्या कोपऱ्यात जायला बघत होती. पण वाटेत बकऱ्या होत्या. ती थांबली. तिने घाबरून एकदा मागे पाहिलं, आणि मग बारीक आवाजात म्हणाली,

"आव्हांसे."

बकऱ्या पुढे सरकल्या.

लूसीचं तोंड उघडं राहिलं. दोन दिवसांत विमानतळापासून इथपर्यंत जे जे भेटलं, त्यातल्या कोणाला तिचं बोलणं कळलं नव्हतं. आणि इथं बकऱ्यांना कळत होतं. ती पुन्हा म्हणाली. बकऱ्या आणखी सरकल्या, भिंत आली, तिथं थांबल्या. लूसी हसली. मागे वळली आणि तिला आजोबा दिसला.

ती बोलायला लागली. एक शब्द नाही, शेकडो. बकऱ्यांकडे हात करत, आजीकडे हात करत, जीपकडे, आभाळाकडे. शंकरसिंगला त्यातलं काहीही कळलं नाही. तो कडुनिंबाखालच्या बाजेवर बसला आणि ऐकत राहिला. मध्ये मध्ये ती श्वास घ्यायला थांबे. तो मात्र त्याला कळत होता.

बोलणं संपलं. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. शंकरसिंगने बाजेवर थोडं सरकून शेजारी हात आपटला.

"इल या द ला प्लास," तो म्हणाला. जागा आहे.

ती येऊन बसली. पाय बाजेखाली लोंबकळत ठेवले. अंगणातला सूर आता उतरत चालला होता. आतून कोणीतरी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

"ऊ आले-वू?" शंकरसिंगने विचारलं. दुसरं काही विचारण्यासारखं त्याच्यापाशी नव्हतं.

लूसीने विचार केला. "इसी," ती म्हणाली.

जेवणाच्या पत्रावळींसाठी आणलेली पळसाची पानं बाजेच्या पायाशी पडली होती. शंकरसिंगने त्यातलं एक उचललं, कडेचा तुकडा फाडला, नखाने त्याला भोक पाडलं, जिभेने टक् असा आवाज केला, पंच केल्यासारखा, आणि तिच्या हातावर ठेवलं. लूसीने तिकीट नीट उलटसुलट पाहिलं आणि फ्रॉकच्या खिशात घातलं. मग तिने पुन्हा हात पुढे केला. शंकरसिंगने विचारलं,

"कोंब्यां?"

तिने एक बोट वर केलं. मग घराच्या दारावरच्या फोटोकडे केलं. सुखीबाईचा फोटो, हार घातलेला. असाच एक लखनच्या घरी भिंतीवर होता.

"दादी," ती म्हणाली.

शंकरसिंगने दुसरं पान उचललं. फाडलं. भोक पाडायला त्याला वेळ लागला, कारण नख कुठं लावायचं ते दिसेना. सुखीबाईचं कोणी रडत असलं की तो चपलेचा पट्टा नीट करी, गेलं दीड वर्ष. आता चपला अंगणात राहिल्या होत्या. त्याने कसंबसं टक् केलं आणि दुसरं तिकीट पोरीच्या हातात दिलं, आणि तसाच बसून राहिला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तो हात लूसीने धरला होता.

कपाशीच्या काठावरून रामधन आला. सुकलं बोंड अजून हातात होतं. इतका वेळ उभा राहूनही त्याच्याकडे कोणी कॅमेरा केला नव्हता.

"शंकर," तो म्हणाला, "तोंड काहून असं पाडलं बे? हे तं फॅमिलीचे आहेत, फोटोवाले नाहीत म्हणे."

शंकरसिंगने तोंड फिरवलं. रामधनने त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. मग बोंड कानावर खोचलं आणि उभाच राहिला, बसावं की जावं ते न कळून.

"इल या द ला प्लास," लूसी त्याला म्हणाली, आणि आजोबाच्या अंगाशी सरकली.

रामधनला फ्रेंच येत नव्हती. तो बसला.